दर सेकंदाला सात टँकर

दर सेकंदाला सात टँकर! उन्हाळ्यात गावोगाव फिरतात ना, दहा हजार लिटरवाले, तसले सात. एक म्हणेपर्यंत सात, दोन म्हणेपर्यंत चौदा. सध्या मी हा आकडा ऑफिसात, लोकलच्या डब्यात, भाजीवालीपुढे, जो समोर येईल त्याला ऐकवत सुटले आहे. घरच्यांनी तर हात टेकलेत. पण माझा इलाज नाही. हा आकडा मी कुठे वाचलेला नाही. डोळखांबच्या पुढे एका शाळेत नववीतल्या मुलांनी तो माझ्या डोळ्यांदेखत फळ्यावर काढला, तीन भाषांत भांडत भांडत काढला, आणि शेवटी त्याची इंग्रजी वाक्यं करून वहीत उतरवली. ज्यांना इंग्रजी येत नाही म्हणून सगळे हळहळतात, त्या मुलांनी!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण तिकडे विज्ञान शिकवते. मी डोंबिवलीची, शाळा इंग्रजी माध्यमाची, नोकरी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. शहापूर तालुका म्हणजे माझ्या लेखी पावसाळी ट्रेक, आजोबाचा डोंगर आणि परतीच्या वाटेवर डोळखांबला चहा-वडापाव. मैत्रीण सारखी म्हणायची, "अगं, शनिवारी ये एकदा. सकाळची शाळा असते. फक्त मागच्या बाकावर बसायचं, मध्ये बोलायचं नाही." मला वाटायचं, त्यात काय बघायचं? विज्ञानाचा तास तो विज्ञानाचा तास. तरी एकदाची गेले. कसारा लोकल, आसनगाव, शहापूर, तिथून एसटी. आणि आता जमेल त्या शनिवारी जाते, कारण असला विज्ञानाचा तास मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

वर्ग सेमी इंग्रजीचा. म्हणजे इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पालकांना हेच हवं असतं आणि त्यांचं काही चुकत नाही. अकरावीला सायन्स घेतलं की सगळंच इंग्रजीत येऊन आदळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण वर्गात बसलेत कोण? ठाकर, कातकरी, महादेव कोळी, काही कुणबी. कित्येकांच्या घरात ठाकरी नाहीतर कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी हीच त्यांना शाळेत येऊन शिकावी लागलेली भाषा, आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे कागदावर या मुलांची इंग्रजीची वर्षं भरपूर झालीत. पुस्तक उघडून "डिस्प्लेसमेंट" आलं की मात्र तोंडाला कुलूप.

बाईंनी (मैत्रीण असली तरी वर्गात तिला बाईच म्हणायचं, मीसुद्धा) त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर एक हंडा ठेवला. प्लॅस्टिकचा, कडेला थोडा चिरलेला, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात "कार्य आणि ऊर्जा" हा दुसरा पाठ. तो पावसाळ्यातच होऊन गेलेला. बाई तो फेब्रुवारीत पुन्हा काढतात. का, तर तेव्हा विहिरी तळ गाठायला लागलेल्या असतात आणि वर्गातल्या बहुतेक मुलींच्या मानेला हंडा माहीत असतो. हे ऐकूनच मी सावरून बसले. पाठाची वेळ पुस्तकानं नाही, विहिरीनं ठरवायची! या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पितेय. आणि पाड्यांवरच्या बायका उन्हाळा लागला की हंडे घेऊन रांगेत. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण इथं कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

"हंडा डोक्यावर घेऊन सपाटीवरून शाळेपासून रस्त्यापर्यंत चाललं, तर हंड्यावर कार्य किती झालं?" बाईंनी विचारलं. आणि गप्प बसल्या.

म्हणजे खरंच गप्प. मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मी असते तर दोनदा प्रश्न फिरवून विचारला असता, मग उत्तरही देऊन टाकलं असतं. बाई नुसत्या हंड्याकडे बघत होत्या. शेवटी पुढच्या बाकावरचा एक पाठांतरवाला म्हणाला, "झिरो, बाई."

मुलींच्या रांगेत जो काही भडका उडाला!

"झिरो? तू घे डोक्यावर मंग!"

"माझी मान दुखते ती काय झिरोनं दुखते?"

त्यापुढचं ठाकरीत गेलं आणि मला निम्मंही कळेना. बाईंनी थांबवलं नाही. "मराठीत बोला" म्हणाल्या नाहीत, "इंग्लिश प्लीज" तर नाहीच. फक्त एवढंच: "दाखवा. हाताचा जोर कुठं लागतो ते दाखवा." मग एक मुलगी उठली, वेणी मागे टाकली, हंडा उचलून डोक्यावर ठेवला, एक हात काठाला, आणि फळ्यापासून दारापर्यंत चालत गेली. थेंब सांडला नाही. दारात वळली आणि म्हणाली, "मी त्याला वर धरून ठेवलाय, बाई. पुढं नाय ढकलला. पुढं मी जाते, तो माझ्यासंगं येतो."

वर्ग एकदम शांत. मी तर बाकावरून उठायचीच बाकी राहिले होते. बल वर, विस्थापन पुढे, दोघांत काटकोन, म्हणून बलानं केलेलं कार्य शून्य! हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आणि त्यात हंडा धरलेला हात मला एकदाही दिसला नव्हता. या मुलीला आधी हात दिसला. काटकोन नंतर.

आणि आत्ता कुठे बाईंनी खडू उचलला. एका खालोखाल एक तीन वाक्यं: फोर्स इज अप. डिस्प्लेसमेंट इज फॉरवर्ड. वर्क डन ऑन हंडा इज झिरो. आधी देवनागरीत, शेजारी रोमन लिपीत. हंडा इंग्रजी वाक्यातही हंडाच राहिला. मग वर्गानं ती वाक्यं म्हटली, आणि म्हणताना प्रत्येक जण हात वर, हात पुढे करत होता. घोकंपट्टी अशी होत नाही हो! प्रत्येक शब्दाला एक हात, एक हंडा, एक भांडण चिकटलेलं होतं.

"पण मंग मान का दुखते?" ती मघाची मुलगी काही सोडायला तयार नव्हती. बाई खूश. दोघा मुलांना एकेक वीट देऊन हात सरळ आडवा धरून उभं केलं. वीट हलत नाही, म्हणजे विटेवर कार्य शून्य. पण पाचव्या मिनिटाला दोघांचे हात थरथरायला लागले आणि कपाळावर घाम. स्नायू आतल्या आत आवळत-सुटत राहतात, शरीराची ऊर्जा खर्च होतच राहते, ती उष्णता होऊन जाते. विटेला किंवा हंड्याला त्यातलं काही मिळत नाही. मुलींचा राग थोडा शांत झाला. त्यांच्या कष्टाला कुणी शून्य म्हटलेलं नव्हतं.

यापुढचा भाग तर मी कुणालाही सांगताना उड्या मारते. विहिरीपासून पाड्यापर्यंत चढ किती उंच? एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. तो घरून लेव्हलचा पाइप घेऊन आला होता, तोच पाणी भरलेला पारदर्शक पाइप, ज्यानं गवंडी भिंतीची पातळी बघतो. एक जण खाली, एक जण वर, मध्ये काठी. पाइपातलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर येतं, काठीवर उंची मोजायची, टप्प्याटप्प्यानं वर सरकायचं. मुलांनी आठवड्यात कधीतरी अख्खा चढ मोजून ठेवला होता. वीस मीटर. भंगारवाल्याकडचा आकड्याचा काटा आणला, दोघांनी काठीला टांगून धरला, भरलेला हंडा भरला सोळा किलो. आता सूत्र: वस्तुमान गुणिले जी (गुरुत्व त्वरण, ढोबळ दहा) गुणिले उंची. सोळा गुणिले दहा गुणिले वीस, तीन हजार दोनशे ज्यूल. झालं?

"आणि मी?" मागून आवाज आला. "मला कोण वर नेतं? मी पण जाते ना चढून."

अहाहा! वजनकाट्यावर ती एकोणचाळीस किलो. हंडा धरून पंचावन्न. पंचावन्न गुणिले दहा गुणिले वीस, अकरा हजार ज्यूल. एका खेपेला. केवळ चढाचे.

मग बाईंनी पोरांना बिस्किटाचा पुडा दिला आणि मागची छपाई वाचायला सांगितली. इंग्रजीतली, बारीक अक्षरांतली. एनर्जी, पर हंड्रेड ग्रॅम, किलोकॅलरी. कोण वाचतं ते एरवी? इथं पुड्यावर सात डोकी आदळली, कारण आता त्यांना उत्तर हवं होतं. 100 ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास, म्हणजे छोट्या बिस्किटाला साधारण पंचवीस. अकरा हजार ज्यूल म्हणजे अडीच किलोकॅलरीच्या थोडं वर. स्नायू खाल्लेल्यातलं जेमतेम पाव कामी लावतात, म्हणून चौपट धरायचं, दहा-अकरा. म्हणजे अर्धं बिस्कीट!

"अर्धं बिस्कीट?" अख्खा वर्ग ओरडला. कुणाचाच विश्वास बसेना. पुन्हा गुणाकार झाले, पुन्हा तेच. एकीनं हिशेब लावला की तिची आई सहा खेपा घालते, म्हणजे तीन बिस्किटं. ती हसली नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की हा फक्त चढाचा हिशेब आहे. उतार, सपाटी, रांगेत उभं राहणं, उन्हात बसणं यांचा वेगळा मांडावा लागेल. तो मांडायचा कसा, हा गृहपाठ.

मला तासानंतर राहवेना. मी मैत्रिणीला धरलं, "हे तुला कुणी शिकवलं?" ती हसली. "कुणी नाही गं. ही पोरं गप्प बसायची, तर मला वाटायचं त्यांना विज्ञान येत नाही. मग कळलं, येतं. वर्गात सांगता येत नाही, एवढंच." आता तिची पद्धत पक्की बसलीय. आधी वस्तू हातात. मग ज्या बोलीत तोंड उघडेल त्या बोलीत वाद. मग आकृती, वहीत. मग मराठीत दोन ओळी. आणि सगळ्यांत शेवटी इंग्रजी, तेही साच्यांनी. वर्गात दोरीला पुठ्ठे टांगलेत. एकावर "इफ अमुक इन्क्रीजेस, तमुक इन्क्रीजेस", दुसऱ्यावर "आय थिंक सो, बिकॉज". रिकाम्या जागी शब्द घालायचे. पुठ्ठा बघून बोललं तरी चालतं, लाज नाही. "कळलं का?" हा प्रश्न तिनं वर्गातून हद्दपार केलाय. त्याला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी "काढून दाखव", "करून दाखव".

आणि गुणांचं काय, तर तपासताना दोन वेगळे रकाने. विज्ञान बरोबर आणि इंग्रजी मोडकं असेल तर विज्ञानाचे पूर्ण गुण, शेजारी हिरव्या शाईनं नीट केलेलं वाक्य. बोर्डाच्या पेपरात असं होत नाही हे तिलाही ठाऊक आहे. पण नववीत पोरगं लिहायलाच घाबरलं तर दहावीत काय डोंबल लिहिणार?

पाठांचा क्रमही तिनं असाच रानाशी जुळवलाय. आठवीचा आम्ल-आम्लारीचा पाठ कधी? जूनमध्ये, शेवळं येतात तेव्हा. पहिल्या पावसाबरोबर शहापूर-मुरबाडच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात आणि विकणारी बाई सोबत मूठभर काकडं देते, ती हिरवी आंबट फळं. का देते? वर्गातलं कोणतंही पोर सांगेल: काकडं नाय घातली तं घसा खवखवतो. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. घरोघरच्या आज्यांनी त्यावर आंबटाचा उतारा कधीच शोधलेला. मग जास्वंदीच्या फुलांचं पाणी काढायचं, त्यात काकडाचा रस टाकायचा, रंग बदलताना बघायचा. लिंबू, चिंच, चुन्याची निवळी, साबण, राखेचं पाणी, सगळं ओळीनं मांडायचं. अ‍ॅसिड, बेस, इंडिकेटर हे तीन शब्द तिथंच, रंग डोळ्यांसमोर असताना द्यायचे. एका मुलीनं विचारलं म्हणे, "आंबटानं सुया विरघळतात की नुसत्या बोथट होतात?" बाईंनी उत्तर दिलं नाही. प्रश्न भिंतीवर लावून ठेवला. तो अजून तिथे आहे, आणि मी कारखान्यातला सूक्ष्मदर्शक एक दिवस उसना मिळतो का ते बघतेय!

हां, तर टँकर.

डोळखांबहून चोंढ्याला जाणारा रस्ता सह्याद्रीच्या भिंतीशी जाऊन थांबतो. भिंतीच्या वर घाटघर, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं. खाली चोंढे, आपल्या शहापुरातलं. वर एक धरण, खाली एक, आणि मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प, 250 मेगावॉट, 125 चे दोन संच, 2008 पासून चालू. रात्री विजेची मागणी पडली की खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. उंचीतला फरक 400 मीटरहून जास्त. मी किती वेळा त्या खालच्या धरणाच्या बाजूनं ट्रेकला गेलेय! एवढंच म्हणायची, काय सुंदर फोटो येतोय.

पोरांना धरण माहीत, तारा माहीत. पाणी रात्री वर जातं हे काहींनी ऐकलेलं, पण कुणाला खरं वाटत नव्हतं. बाईंनी हंड्याचंच सूत्र पुढे ओढलं. हजार लिटर पाणी, म्हणजे हजार किलो. गुणिले दहा, गुणिले चारशे. चाळीस लाख ज्यूल. विजेचं एक युनिट छत्तीस लाख ज्यूलचं. म्हणजे हजार लिटर चारशे मीटर खाली आलं की एक युनिट आणि वर थोडं. घर्षण, यंत्रं यांत थोडं जातं, म्हणून धरू एकच.

"हजार लिटरला एक युनिट फक्त?" कुणीतरी निराश झालं. मग 250 मेगावॉट म्हणजे तासाला अडीच लाख युनिट. त्याला पाणी पंचवीस कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. एवढी शून्यं बघून डोकं बंदच पडतं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, तासभर एक शब्द न बोललेला, पुटपुटला, "टँकरमधी किती व्हतंय?" दहा हजार लिटरचा टँकर. पंचवीस हजार टँकर, एका तासात. भागिले छत्तीसशे. जवळजवळ सात.

दर सेकंदाला सात टँकर! ज्या पोरानं टँकरची वाट बघत अख्खी दुपार काढलीय, त्याच्या डोळ्यांपुढे डोंगराच्या पोटातून सेकंदाला सात टँकर धडाधड खाली येत होते. तो उठून फळ्यापाशी गेला आणि सातच्या आकड्याभोवती त्यानं गोल काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

लगेच दुसरा वाद. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते, तेवढी खाली येताना परत मिळते का? नाही. असल्या प्रकल्पांत शंभर युनिट घातली तर साधारण सत्तर ते ऐंशी परत येतात. "मंग हा तोट्याचा धंदा का करतात, बाई?" मी अक्षरशः टाळी वाजवली. (बाईंनी डोळे वटारले. मागे बसून बोलायचं नाही असं ठरलं होतं.) हाच तर खरा प्रश्न! याचं उत्तर मुलांनीच काढलं, भाजीबाजाराच्या हिशेबानं: रात्री वीज पडून असते, कुणाला नको असते, संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवी असते. आणि मग दोरीवरच्या पुठ्ठ्यांकडे बघत बघत एकीनं उभं राहून इंग्रजीत सांगितलं, "नाइट पॉवर एक्स्ट्रा. इव्हनिंग पॉवर शॉर्ट. सो वॉटर गो अप नाइट, कम डाऊन इव्हनिंग." बाई म्हणाल्या, "येस! अ‍ॅट नाइट, वॉटर इज पम्प्ड अप." मुलीनं लगेच तसं म्हटलं. चूक काढल्याचा भाव बाईंच्या तोंडावर नव्हता आणि मुलीच्या तोंडावर चूक केल्याचा नव्हता. दहावीला हीच मंडळी "हरित ऊर्जेच्या दिशेने" या पाठात जलविद्युत शिकतील, तेव्हा त्यांना ती नवी वाटणार नाही, एवढं मी लिहून देते.

घरी आल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले, आणि बाईंनी एकटीनं शोधलेलं किती जणांनी कुठे कुठे शोधलंय ते पाहून थक्क झाले. ती प्रश्न विचारून गप्प बसते ना? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात तासच्या तास ध्वनिमुद्रित करून दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद! ज्याला ठाकरीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत यायचंय त्याला तर जास्तच लागणार. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलंय, की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतपत यायला साधारण दोन वर्षं पुरतात, पण त्या भाषेत अभ्यास करता यायला पाच ते सात लागतात, आणि एका भाषेत कमावलेली समज दुसरीत वापरता येते. वेल्समध्ये तर एकाच तासात दोन भाषा मुद्दाम मिसळून शिकवायची रीतच पडलीय.

पण मला जास्त आनंद झाला तो मुंबईतलं सापडल्यावर. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झालं. तिथे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या मुलांसाठी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली मराठी सोपी केली. आशय तोच ठेवला, फक्त वाक्यं सरळ. मुलांना जास्त कळू लागलं, आणि ती वर्गात बोलू लागली! म्हणजे भाषेची अडचण तेव्हा मराठी माध्यमातही होती. याच केंद्राची "हलकं-फुलकं विज्ञान" ही प्राथमिकची पुस्तकं आहेत. घरात लहान मूल असेल तर आधी ती आणा, बाकीचं नंतर वाचा.

तेव्हा आमच्याकडे जे नेहमीचं भांडण चालतं, एकीकडे "इंग्रजीशिवाय पोरांचं भलं नाही" आणि दुसरीकडे "विज्ञान मातृभाषेतच हवं", त्यात मला आता दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कातकरी मुलाला "विस्थापन" आणि "डिस्प्लेसमेंट" दोन्ही सारखेच परके आहेत. त्याची मातृभाषा कुणी विचारलीच नाही. आणि इंग्रजी आल्यावर विज्ञान शिकवू म्हणून थांबायचं, तर नववी निघून जाईल. डोळखांबला मी पाहिलं ते हे, की विज्ञानावर भांडता भांडता इंग्रजी येतं, कारण सांगण्यासारखं काहीतरी असतं.

सगळं गोडगोड आहे असं नाही. दिवाळीनंतर काही कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणकडे, आणि पोरं त्यांच्याबरोबर. पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. हंड्याचा पाठ झाला तेव्हा वर्गात काही बाक रिकामे होते. बाई त्यांच्यासाठी आकृत्यांच्या वह्या सांभाळून ठेवतात. पण वही म्हणजे भांडण नव्हे. आणि अभ्यासक्रम वेळेत संपवायचा धोशा असतोच. एका हंड्यावर तीन तास घालवायला धाडस लागतं.

आता तुम्हाला सांगायचं ते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत विज्ञान शिकलेली हजारो माणसं आहेत, शनिवारी सुट्टीवर. तिकडे शिकवायला जाऊ नका, शिकवणारे तिथे आहेत. कुणी ओळखीचे शिक्षक असतील तर विचारून जा, मागच्या बाकावर बसा, आणि पोरांनी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची घाई करू नका. जाताना काही न्यायचंच असेल तर ताणकाटे, भिंगं, लिटमस कागद, तापमापी न्या. वह्या-पेन्सिली सगळेच नेतात. शाळा सकाळची असते आणि आसनगावहून पुढे अजून बरंच जायचं असतं, त्या हिशेबानं पहाटेची कसारा लोकल पकडा.